गोलातला मांडव

इनॉक आपटेकरने आयुष्यात एकच शपथ घेतली, आणि तीही पाळायची वेळ येणार नाही याची पुरती खात्री करून.

१९५१ साली, पनवेलचे बेने इस्राएल ज्यू एकेक करून निघाले तेव्हा, त्याची मेहुणी सॅली नवऱ्याबरोबर इस्राएलला गेली आणि बीरशेब्याहून तिची पत्रं यायला लागली. पत्रात संत्री असत, नवीन घराला केलेला रंग असे आणि शेवटच्या ओळीत 'तुम्ही कधी येता?' असे. इनॉकची बायको बेला ती पत्रं जेवताना मोठ्याने वाची. इनॉक भाताचा डोंगर करी, त्यात आमटीचं तळं करी आणि तळ्याकडे बघत बसे. एका दुपारी बेलाने पत्र खाली ठेवलं.

"जायचं की नाही जायचं? एक काय ते सांगा."

इनॉकला एकही सांगवेना. हो म्हणावं तर पनवेल सुटत होतं, नाही म्हणावं तर बेला सुटली असती. तो म्हणाला, "माझा क्लब लीगची ढाल जिंकला, की महिन्याभरात बोटीत बसू. एलियाहू हन्नबीची शपथ."

बेला खूश झाली; नबीची शपथ कुणी मोडत नाही. तिला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं.

इनॉक दवाखान्यात कंपाउंडर होता. लढाईच्या काळात तो पलटणीच्या इस्पितळात ड्रेसर होता. तिथे सोल्जरांच्या मोडलेल्या नडग्या बांधता बांधता त्याला फुटबॉल समजला. म्हणजे पायाच्या बाजूने समजला, चेंडूच्या बाजूने तितकासा नाही. पनवेलला परतल्यावर त्याने खाडीलगतच्या गावांतली मिठागरावरची पोरं गोळा केली आणि 'गाढी स्पोर्टिंग क्लब' काढला. सेक्रेटरी तो, कोच तो, चेंडूत हवा भरणाराही तोच. पोरं त्याला कंपाउंडरमामा म्हणत. सामन्याआधी तो सगळ्यांना एकेक घोट गुलाबी मिक्स्चर देई. पोटदुखीवर दवाखान्यात जे देत, तेच ते होतं. पण पोरांची समजूत होती की त्याने पायात जोर येतो, आणि समजुतीला बाटली लागतेच.

खाडीकाठ लीगमध्ये सहा क्लब होते. गाढी स्पोर्टिंग दर वर्षी सहावा येई. एका वर्षी पाचवा आला, कारण दुसऱ्या एका क्लबाची होडी ओहोटीला चिखलात बसली आणि खेळाडू रात्री दहाला मैदानावर पोचले. त्या पाचव्या नंबरानेसुद्धा इनॉकला आठवडाभर झोप नव्हती. एरवी हरून घरी आला की तो शीळ घालत पाय धुवी.

ही शीळ बेलाने सात वर्षं ऐकली. आठव्या वर्षी तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

तिने आधी मलिद्याचा नवस बोलला: क्लब जिंकू दे, पोहे, गूळ, खोबरं आणि पाच फळं मांडून नबीचा मलिदा करीन. मग नबीवरच सगळा भार नको म्हणून ती स्वतः कामाला लागली. दर रविवारी ती अकरा पोरांना उकडलेली अंडी खाऊ घाले. सामन्याला जाऊन पदर डोक्यावर घेऊन बसे आणि कोण पळतो, कोण नुसता पळाल्यासारखं करतो, ते घरी येऊन इनॉकला सांगे.

गोलकीपरही तिनेच शोधला. उधाणाच्या भरतीला एका मिठागराचा बांध फुटला होता आणि सगळे चिखल आणायला धावले होते. बळीराम नावाचा एक आडवातिडवा गडी मात्र कुठे न जाता त्या भगदाडात आडवा पडला आणि चिखल येईपर्यंत खाडी अंगावर घेऊन पडून राहिला. बेला तेव्हा पलीकडच्या रस्त्याने बाजारातून येत होती. घरी येऊन ती म्हणाली, "तुमच्या गोलात माणूस नाही, चाळण आहे. त्या बळीरामला घ्या."

सेक्रेटरीने नाही कशावरून म्हणायचं?

१९५८ चा हंगाम सुरू झाला आणि गाढी स्पोर्टिंग जिंकायला लागला. बळीरामला उडी मारता येत नव्हती, चेंडूची दिशा ओळखता येत नव्हती. पण चेंडू म्हणजे भरतीचं पाणी आणि मागे गावाचं मीठ आहे, एवढं त्याला समजावून दिलेलं होतं. तेवढं पुरलं.

बेलाने अंगणात ट्रंक उघडून ठेवली. पहिला सामना जिंकला तेव्हा तिने पुरणयंत्र फडक्यात बांधून ट्रंकेत टाकलं. दुसऱ्याला परात गेली, तिसऱ्याला खोबऱ्याची खवणी. बाकीचे लोक लीगचा तक्ता बघत. इनॉक स्वयंपाकघरातली फळी बघे. सातव्या विजयानंतर घरात एक तवा, एक पातेलं आणि एक ताट उरलं. नवराबायको पाळीने जेवू लागली. इस्राएल आळीतल्या शेजाऱ्यांना वाटलं, दोघांचं बिनसलं.

"अगं, निदान कप तरी बाहेर ठेव," इनॉक म्हणाला.

"हरा. काढते."

नऊ सामने झाले आणि एक उरला, करंज्याच्या बंदर क्लबाशी. गाढी स्पोर्टिंग एका गुणाने पुढे होता. बरोबरी झाली तरी ढाल पनवेलची. हरले तर करंज्याची. सामना आश्विनात व्हायचा होता, पण मैदान म्हणजे भाताचं खाचर, तेव्हा त्यात अजून भात उभा होता. तो कापून झाल्यावर मार्गशीर्षातला रविवार ठरला, दुपारी चार वाजता.

शनिवारी इनॉकने शब्बाथची विश्रांती पाळली आणि क्लबाबद्दल एक अक्षर बोलला नाही. रविवारी सकाळी आनंदा, गाढी स्पोर्टिंगचा फॉरवर्ड, धावत आला.

"मामा, घात झाला. बळीरामला हळद लागली!"

"लग्न उद्या आहे ना त्याचं?"

"लगीन उद्याच हाय. पन हळद आज लागते ना!"

बळीरामचा हिशोब साधा होता. रविवारी सामना, सोमवारी लग्न; दोन दिवस, दोन कामं. हळद ही मध्ये धरायची असते हे त्याला सुचलंच नव्हतं, त्यामुळे तो कुणाला काही बोललाही नव्हता. आणि हळद लागलेल्या नवऱ्याने मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नसतं, हे खाडीकाठच्या कुठल्याही पोराला चालता येण्याआधी माहीत असतं.

इनॉकच्या छातीवरून काहीतरी उतरलं. त्याने ते कुणाला दिसू दिलं नाही. "अरेरे," तो म्हणाला, आणि चप्पल शोधू लागला ती सावकाश शोधू लागला. पण बेला केव्हाची दारात उभी होती.

बळीरामच्या दारात मांडव पडला होता. पाटावर तो बसला होता, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा, कपाळाला मुंडावळ्या, हातात लिंबू खोचलेली कट्यार. त्याची आई गुणाबाई आणि धवलारीण सखूबाई शेजारी होत्या. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवला, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणते तेव्हाच लग्न लागतं. तिने तोंड मिटलं तर वरात दारात उभी राहते.

"मामा, मी येतंय," बळीराम पाटावरून उठत म्हणाला.

"बस खाली!" गुणाबाई कडाडली. "कंपाउंडर, तुमाला मी लय मानतंय. तुमच्या गोळ्यांनी माजी कंबर बसली ती उठली. पन हळदीचा नवरा मांडवाच्या भायेर नाय जानार."

"अगदी बरोबर," इनॉक म्हणाला. "रीत ती रीत. आम्ही जबरदस्ती करणार नाही. चल बेला."

"थांबा," बेला म्हणाली. ती मांडवाकडे बघत होती. "गुणाबाई, मांडव कशाला म्हणायचं?"

"हा काय! खांब हाय, वर आडवा वासा हाय, आंब्याच्या पानांचा टाळा हाय."

"आमच्या गोलालाही दोन खांब आहेत आणि वर आडवा वासा आहे. टाळा बांधला की झालं. आणि गोलकीपर त्याच्याबाहेर जातच नाही. बाकीचे दहा कुठेही बोंबलत फिरोत."

गुणाबाईने सखूबाईकडे पाहिलं. सखूबाईने तोंडातलं पान या गालातून त्या गालात नेलं.

"मी धवला म्हनीन थो मांडव," ती म्हणाली. "आनि मी आजपावतर फुटबाल बगितला नाय."

असा प्रश्न सुटला. इनॉक मुंडावळ्यांकडे बघत राहिला. आयुष्यात माणसाला बुडवायला शहाणी बायको पुरते, दोन शहाण्या बायका म्हणजे चैन झाली.

घरापासून मैदानापर्यंत चार जणांनी चार बांबूंवर लुगडं ताणलं आणि त्या चालत्या मांडवाखालून नवरदेव मैदानात आला. मागून सगळी वऱ्हाडी बायामाणसं. गोलच्या खांबांना आंब्याचे टाळे बांधले, सखूबाईने धवला म्हटला, आणि बळीराम आत शिरून उभा राहिला.

करंज्याचा कॅप्टन तुळशीराम सरळ पंचांकडे गेला. पंच म्हणजे पेणचे एक पोस्टमास्तर. नियमांचं पुस्तक खिशात आणि चष्मा नाकाच्या टोकावर.

"साएब, ह्ये काय चाललंय?"

पंचांनी पुस्तक उलटसुलट चाळलं. "गोलकीपरचा पोशाख इतरांहून वेगळ्या रंगाचा असावा, असं लिहिलं आहे. तो वेगळ्या रंगाचा आहे. मुंडावळ्यांबद्दल काही नाही. ती कट्यार मात्र चालणार नाही."

पण हळदीच्या नवऱ्याजवळ लोखंड हवंच, नाहीतर त्याला बाधतं. गुणाबाई मागे सरेना. शेवटी तोड निघाली: कट्यार घेऊन कुणीतरी घरच्यासारख्या माणसाने खांबाला लागून मागे उभं राहावं. घरच्यासारखा माणूस म्हणून इनॉकला पकडलं. एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात लिंबू खोचलेली कट्यार, अशा थाटात सेक्रेटरी उभा राहिला आणि शिट्टी झाली.

करंज्याच्या पोरांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. बंदरावर होडीतून लिलावापर्यंत मासळीच्या टोपल्या डोक्यावरून वाहून त्यांच्या माना अशा घट्ट झाल्या होत्या की पायाने खेळायची त्यांना गरजच वाटत नसे. चेंडू उंच मारायचा आणि डोक्याने गोलात घालायचा. त्या हंगामातले त्यांचे सगळे गोल डोक्याचे होते, आणि त्यांतले निम्मे तुळशीरामचे.

दहाव्या मिनिटाला उंच चेंडू आला. बळीरामने तो दोन्ही तळव्यांनी ढकलला, पण हात तेला-हळदीने माखलेले. चेंडू निसटून वर उडाला आणि तुळशीरामने कपाळाने गोलात घातला. करंजा एक, पनवेल शून्य.

करंज्याची माणसं नाचू लागली. इनॉकने कट्यारीवरचं लिंबू काढून पुन्हा खोचलं. खुशीने की दुःखाने, हे त्यालाही सांगता आलं नसतं. बेला पलीकडे डोक्याला हात लावून बसली होती.

तेवढ्यात सखूबाई उभी राहिली. तिने तुळशीरामच्या कपाळाकडे बोट केलं.

"आगो बाय! उष्टी हळद लागली!"

तुळशीरामच्या कपाळावर मधोमध रुपयाएवढा पिवळा टिळा उमटला होता. नाचणाऱ्यांचे पाय थबकले. नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीकडे जाते. ती उष्टी हळद जिच्या कपाळाला लागली ती त्या घरची सून झाली. हे करंज्यालाही ठाऊक होतं, पनवेललाही. मग सखूबाईने सूर धरला आणि पन्नास बायांनी तो उचलला:

"करंज्याची नवरी गो, मिशा तिच्या भारी,
बळीरामाच्या दारी गो, आली तिची सवारी!"

आधी पनवेलची माणसं हसली. मग करंज्याची हसली, आणि ती जास्त हसली, कारण त्यांना तुळशीराम रोज भेटणार होता.

"सूनबाय, भाकरी येते का?" गुणाबाईने विचारलं.

"मला दोन पोरं हायेत!" तुळशीराम ओरडला.

"बरं झालं. बाळंतपनाचा खरच वाचला."

तुळशीरामने कपाळ घासलं. टिळा होता तो पट्टा झाला. त्याने चेंडू गवताला घासला, शर्टाला घासला. शर्ट पिवळा झाला, चेंडू होता तसाच. त्यानंतर करंज्याचा खेळ बिघडला. चेंडू उंच आला की त्याखाली जागा रिकामी होई. त्यांच्या गणूचं नुकतंच कुठे स्थळ बघणं चाललं होतं. तो तर चेंडू हवेत दिसला की पाठ करून उभा राहू लागला.

मध्यंतरात बाजू बदलायच्या होत्या, म्हणून चार बांबूंचं लुगडं पुन्हा निघालं आणि मांडव पलीकडच्या गोलात गेला. सखूबाईने दुसऱ्यांदा धवला म्हटला. तेवढ्या वेळात तुळशीराम पंचांशी बोलून आला आणि इनॉकपुढे उभा राहिला. त्याचा आवाज खाली आला होता.

"कंपाउंडर, पंच बोलतात चेंडू पुसला तर चालंल. पान्याने जात नाय. तुमच्या पिशवीत स्पिरिट असंल ना?"

पिशवीत स्पिरिट होतं. बाटली नवी होती, बूचसुद्धा उघडलेलं नव्हतं. कापूसही होता.

इनॉकने पिशवीच्या तोंडाशी हात नेला. काम दोन मिनिटांचं होतं. चेंडू स्वच्छ, खेळ सरळ, पंचांची परवानगी. करंजा डोक्याने खेळेल आणि जिंकेल, आणि इनॉकला कुणी बोट लावू शकणार नाही, बेलासुद्धा नाही. उद्या ट्रंकेतून ताट बाहेर येईल, परवा परात. बीरशेब्याहून पत्रं येत राहतील आणि भाताच्या डोंगरात तळं होत राहील. त्याची बोटं बाटलीच्या गळ्याला लागली. बाटली थंड होती.

त्याने मैदानाकडे पाहिलं. दहा पोरं खाचरात बसून लिंबू चोखत होती. अकरावा गोलात एकटा उभा होता, पिवळाजर्द, हात फाकलेले, डोळे चेंडूवर. चेंडू तर पंचांच्या काखेत होता आणि खेळ बंद होता. त्याला बाजूला हो असं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो उभा होता. भगदाडातही तो असाच पडून राहिला असणार.

"स्पिरिट संपलं रे," इनॉक म्हणाला.

तुळशीरामने पिशवीकडे पाहिलं, मग इनॉककडे. कंपाउंडर खोटं बोलतो हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. तो मान हलवत गेला.

मध्यंतरानंतर पनवेलला कॉर्नर मिळाला. चेंडू गोलासमोर उंच आला आणि करंज्याचे पाचही बचाववाले एकदम खाली वाकले, देवळाच्या दारात वाकावं तसे. मागे आनंदा एकटाच ताठ उभा होता. चेंडू त्याच्या छातीवर आपटून गोलात गेला. आनंदाला गोल झाल्याचं इतरांनी सांगितलं. एक-एक.

शेवटचं मिनिट उरलं. करंज्याच्या कडेच्या खेळाडूने जीव काढून उंच चेंडू मारला. त्याच क्षणी बळीरामच्या मुंडावळ्या घसरून डोळ्यांवर आल्या. तो एका हाताने त्या वर सारत दुसऱ्या हाताने हवेत भरती अडवत होता, भलत्याच बाजूला. अर्धा गोल रिकामा. चेंडू सरळ तुळशीरामच्या कपाळाच्या वाटेवर.

बायांनी सूर वर नेला. तुळशीरामने उडी मारली. हवेत असताना त्याने डोळे मिटले, आणि ऐन वेळी मान खाली घातली, अगदी नवरीने घालावी तशी. चेंडू त्याच्या केसांवरून गेला, खांबाच्या बाहेरून गेला, आणि कट्यार घेऊन उभ्या असलेल्या इनॉकच्या कपाळावर फाटकन बसला.

इनॉक बसला तो बसलाच. शिट्टी कधी झाली, पोरं कधी नाचली, बळीरामने मांडवातल्या मांडवात उड्या कशा मारल्या, हे त्याला दिसलं ते पिवळ्या धुक्यातून. समोर सखूबाईचा चेहरा आला.

"बायांनो," ती म्हणाली, "खरी नवरी ही. ह्यो आता पनवेलातून सासरी जानार!"

ती गमतीने बोलली. बोटीचं तिला काही माहीत नव्हतं. बेला गर्दीतून वाट काढत आली. गाऊन गाऊन तिचा घसा बसला होता. तिने नवऱ्याचं कपाळ पुसायला पदर उचलला, आणि तसाच खाली सोडला.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"नाही."

"मग रडता कशाला?"

"तेल गेलं डोळ्यांत."

ढाल दवाखान्याच्या भिंतीवर लागली. बळीरामचं लग्न दुसऱ्या दिवशी झालं. खऱ्या नवरीसाठी सखूबाईला नवी हळद वाटावी लागली, कारण जुनी सगळी करंज्याला गेली होती. बेलाने मलिदा केला. तवा ट्रंकेत गेला. महिना भरायच्या आत, शपथेतल्या शब्दाप्रमाणे, दोघं एस.टी. स्टँडवर उभी राहिली.

क्लब आला होता, आणि बायाही. गुणाबाई तांदूळ-नारळ घेऊन बेलाची ओटी भरायला पुढे झाली तेव्हा सखूबाईने तिचा हात धरला. "हिची कशाला? नवरी कोन?" मग इनॉकने कोटाचं टोक पसरलं आणि त्यात तांदूळ, नारळ आणि खण पडला. बायांनी पाठवणीचं म्हटलं. सगळे हसत होते. इनॉकही हसत होता. मध्येच त्याला ते जमेना, आणि त्याने तोंड नारळात घातलं. बळीराम त्याची ट्रंक डोक्यावर घेऊन तसाच उभा होता. खाली ठेव असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

गाडी सुरू व्हायला आली तेव्हा गर्दीतून तुळशीराम पुढे आला. करंज्याहून सुक्या बांगड्यांची पुडी घेऊन आला होता.

"बोटीत खा. तुमचं कपाळ मदी आलं, नायतर मी जन्मभर त्या बळीरामची बायको ऱ्हायलो असतो."

इनॉकने पुडी घेतली. मग पिशवीत हात घातला, बाटली काढली आणि खिडकीतून त्याच्या हातात दिली.

"ही त्या दिवशीचीच. ठेव तुझ्या क्लबाला. तिकडे मिळेल मला."

गाडी हलली. तुळशीरामने बाटली उन्हात धरून पाहिली. गळ्यापर्यंत भरलेली, बुचावरचं सील जसंच्या तसं. तो धुरळ्यात गाडीमागे धावत सुटला.

"ए नवरी!" तो ओरडत होता. "ए नवरी, थांब! तुला बगून घेतंय!"

मागच्या खिडकीतून इनॉक पनवेल लहान होताना बघत होता. हातात नारळ होता. त्याने तो वर करून दाखवला, ढाल दाखवावी तसा.